शाळेच्या उजेडातली आई

चातुर्मास लागून आठवडाही झाला नव्हता. शालिनीनं देवापाशी दिवा लावला, शुभंकरोती झाली, पानं मांडून झाली. शर्वी पाटावर बसली आणि समोर बसलेल्या आईकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बाबाला विचारलं,

"आई कधी येणार?"

नितीन हसला. "अगं वेडे, ही काय हातभर अंतरावर बसलीय."

"ही नाही. शाळेतली."

शालिनीला उत्तर देता येत नव्हतं. दिवेलागणीपासून जेवून उठेपर्यंत मौन, हा तिचा चातुर्मासाचा नेम. तिच्या आईकडून आलेला. आई मौनात वाढायची तेव्हाच घरात सगळ्यात जास्त बोलणं व्हायचं, असं शालिनीला वाटे. आईची भुवई किंचित वर गेली की मीठ हवं आहे. डोळे मिटल्यासारखे झाले की पुरे, आता उठ. शब्दावाचून कळण्याची ती गोडी आपल्या लेकीलाही लागावी, म्हणून यंदा तिनं शर्वीचं पान मुद्दाम आपल्या समोर मांडायला सुरुवात केली होती.

ती हसली. चेहऱ्यावर जितकी माया आणता येते तितकी आणून हसली.

शर्वीनं ते हसू पाहिलं, कुलूप लावलेल्या घराकडे बघावं तसं. मग मान खाली घालून वरणभात कालवू लागली.

शालिनी पाचपोर अकोल्यातल्या एका बालशाळेत शिकवत होती, आणि शर्वी त्याच शाळेत मोठ्या गटात होती, आईच्याच वर्गात. उन्हाळे वाढत गेले, पारा अठ्ठेचाळीसच्या खाली उतरेनासा झाला, तेव्हापासून तिकडच्या नव्या शाळा खिडक्यांशिवाय बांधायला लागले होते. जाड भिंती, वरून गार हवा आणि उजेड सगळा छतातून. मुलं सकाळी आत गेली की सुटेपर्यंत ऊन कसलं ते बघत नसत. मग तो छतातला उजेड कसा असावा, याचा विचार कुणीतरी करणारच. त्यातून 'उमल' दिवे आले.

कल्पना साधी होती, आणि खोटं कशाला बोला, सुंदरही होती. माणसाच्या कातडीखाली रक्त खेळतं. राग आला, लाज वाटली, भीती वाटली की ते कमीजास्त होतं, त्यातला प्राणवायू कमीजास्त होतो, आणि त्याबरोबर चेहऱ्याचा रंग अगदी पुसट बदलतो. गोऱ्याचाही, सावळ्याचाही. आपला डोळा तो बदल टिपत असतो, पण चोरट्यासारखा, आपल्याला न सांगता. कारण सूर्याच्या उजेडात सगळे रंग एकमेकांत मिसळलेले असतात आणि हा एवढासा बदल त्यात बुडून जातो. 'उमल'मध्ये रंग असे सलग नव्हते. मोजक्याच अरुंद पट्ट्या होत्या. ताजं रक्त जे रंग परत पाठवतं आणि शिळं रक्त जे गिळून टाकतं, नेमके तेवढेच. सगळे मिळून उजेड पांढराच दिसे. भिंत पांढरी, खडू पांढरा. चेहरे मात्र बोलू लागत.

दिवे लागण्याआधी त्या वर्गात चावाचावी, ओरबाडणं, केस ओढणं रोजचं होतं. लहान मुलांची निम्मी भांडणं समोरच्याच्या मनात काय आहे ते न कळल्यानं होतात. दिवे लागले आणि महिन्याभरात वर्ग निवला. एखाद्याला रडू फुटायच्या आधीच शेजारचं पोर त्याच्या हातात आपला ठोकळा ठेवी. आई शाळेत सोडून गेली की पूर्वी तासभर भोकाड पसरणारी मुलं आता शालिनीच्या तोंडाकडे एकदा बघत आणि शांत होत. संस्थेपुढे या दिव्यांची बाजू शालिनीनंच मांडली होती. ते काम देवानं आपल्याकडून करवून घेतलं, असं तिला मनापासून वाटे.

शर्वी त्या उजेडात वयाच्या तिसऱ्या वर्षी आली. आता ती पावणेसहा वर्षांची होती.

"बाई, एक सांगू का? राग नका मानजा," शाळेतल्या कांतामावशी दुसऱ्या दिवशी डबे धुता धुता म्हणाल्या. "तुमची पोरगी मले म्हणते, मावशी, मले शाळेतच निजू द्या."

"का?"

"म्या बी तेच इचारलं. काऊन वो? तर म्हणे, शाळेतली बाई मले लय जीव लावते. घरची आई नाही लावत." मावशींना हसू आवरेना. "म्या म्हनलं, अवं माय, एकच तर बाई हाय ना ते! घरी काय दुसरी बसोली हाय का तुह्या बापानं?"

शालिनीही हसली. पण दुपारी मुलं पेंगुळली तेव्हा तिनं शर्वीला हळूच जवळ घेतलं आणि खेळ मांडला. मी तोंड करते, तू ओळख. वर्गात शर्वी एकदाही चुकली नाही. उलट शालिनी चेहरा करायच्या आधीच ती सांगे, "आता तुम्ही खोटं रागावणार." शाळेत आईला बाई म्हणायचं, हा नियम ती कधी मोडत नसे.

मग शालिनी तिचा हात धरून बाहेर फाटकाजवळच्या पत्र्याखाली आली. ढगाळ, मऊ उजेड होता. तिनं तोंडभर हसून विचारलं, "आता?"

"माहीत नाही."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "आता?"

शर्वी बराच वेळ विचार करत राहिली. "मघाशी तुम्ही दात दाखवले होते. आता नाही दाखवले. मग आता रागावल्या का?"

गणित सोडवावं तसं ती बोलत होती.

नागपूरहून डॉक्टर अश्लेषा भागवत आल्या. दृष्टी आणि मेंदू हा त्यांचा विषय. बारीक आवाजाच्या, सारखी लवंग चघळणाऱ्या बाई. त्यांनी शर्वीला चित्रं दाखवली, आरसे दाखवले, शाळेच्या उजेडात तपासलं, घरच्या उजेडात तपासलं, आणि मग तिला अंगणात खेळायला पाठवून शालिनीसमोर बसल्या.

"डोळे उत्तम आहेत. बुद्धी तर माझ्यापेक्षा बरी आहे."

"मग?"

"शालिनीताई, बाळ चेहरा वाचायला शिकतं ते डोळ्यांच्या कोपऱ्यांवरून, ओठांच्या हालचालीवरून, भुवयांवरून. फार किचकट असतं ते, वर्षानुवर्षं लागतात. हिला त्याच वयात सोपी वाट मिळाली. रंग बघितला की झालं. मग मेंदूनं किचकट वाट सोडूनच दिली. बाहेरच्या उजेडात तो रंग नाही. तिथे तिला चेहरा दिसतो, पण त्यावर काही लिहिलेलं दिसत नाही."

"मी तिची आई आहे हे तिला कळतं ना?"

"कळतं. नाव, आवाज, साडी, सगळं कळतं. पण ओळख आणि माया मेंदूत एका वाटेनं येत नाहीत. ओळख पटते, आणि आतून काही हलत नाही. मोठ्या माणसांत मेंदूला मार बसला की असं क्वचित होतं. बायको बायकोच आहे हे दिसतं, पण ती परकी वाटते. हिला मार लागलेला नाही. हिला ते शिकवलंच गेलं नाही."

शालिनीनं पदर सारखा केला. "भरून येईल का?"

"साधारण सातव्या वर्षापर्यंत मेंदू या बाबतीत मऊ असतो. पुढे घट्ट होत जातो. आळशी डोळा सुधारायचा तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात ना, तसंच. 'उमल'चा उजेड पूर्ण बंद. अर्धा दिवस इकडे, अर्धा तिकडे, हे चालणार नाही. सोपी वाट उघडी असेपर्यंत मेंदू अवघड वाटेनं जात नाही."

"आणि घरी काय करायचं?"

"बोलायचं. आवाजातून तिला अजून सगळं कळतं, तेवढी एकच दोरी तिच्या हातात आहे. साध्या उजेडात, समोरासमोर बसून, हसताना हसरा आवाज, रागावताना रागाचा आवाज. आवाज आणि चेहरा पुन्हा पुन्हा एकत्र आले तर मेंदू गाठ मारेल." डॉक्टरांनी लवंगेचा तुकडा गालात सरकवला. "घरच्या उजेडात ती तुमच्यासमोर अशी निवांत कधी बसते?"

"संध्याकाळी," शालिनी म्हणाली. "जेवताना."



नितीनचं म्हणणं वेगळं होतं. तो तालुक्याच्या बाजार समितीत होता. प्रत्येक अडचणीला काहीतरी तडजोड असतेच, असा त्याचा अनुभव. "एवढं काय त्यात? घरी लावू ना तेच दिवे. तुझ्याच वर्गातल्या पोरांच्या घरी आहेत, ढोमण्यांकडे, गावंड्यांकडे. पोरं खूश, घर खूश."

"आणि पुढे? तिच्या आजीच्या घरी? बसमध्ये? बाजारात? सासरी? सगळ्या जगाच्या छताला दिवे लावशील?"

"दहा वर्षांत लागतीलही."

"आणि नाही लागले तर? आणि लागले तरी, आपलं माणूस ओळखायला दिव्याचं बटण लागावं?"

नितीन म्हणाला, "आणि शाळा बंद केलीस, तरी ती चेहरा शिकली नाही तर? मग ती शाळेतली तूही जाशील, आणि घरची तर नाहीच आहेस. पोरीला कुणीच उरणार नाही, शालू. निदान अर्धा दिवस तरी तिला आई आहे आत्ता."

हे खरं होतं. डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती.

त्या संध्याकाळी शालिनी देवघरापाशी बसली. आजवर तिनं एकही नेम मधे सोडला नव्हता. शर्वीच्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही मौनाची वेळ होती. दात आवळून तिनं हातानंच रिक्षा मागवली होती. मौनाचं उद्यापन झालं की देवळात घंटा द्यायची असते. यंदाची घंटा द्यायची नव्हती. तिनं निरांजन लावलं, हात जोडले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "शब्द तुला दिले होते. ते परत घेते. तिला लागताहेत."

मग स्वयंपाकघरात येऊन ती पानावर बसली. "शर्वी, बाळा, बघ. मी आता हसतेय. ऐकू येतं का हसू? आता ओठांकडे बघ."

शर्वी दचकली. चातुर्मासात या वेळी आई बोलते, हे तिला माहीत नव्हतं. तिनं वाटी ओढून बाबाजवळ नेली.

शाळेतल्या पालकसभेत शालिनीनं सगळं सांगितलं. दिवे काढा, निदान लहान गटातले तरी काढा, म्हणाली. ती कधी चढ्या आवाजात बोलत नसे. तेव्हाही बोलली नाही. कदाचित त्यामुळेच पाठीमागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नसेल.

"बाई, माझं पोरगं आधी रोज मार खाऊन घरी येत होतं," एक बाप उठून म्हणाला. "आता येत नाही. मले दुसरं काही समजत नाही."

"आमची ताई घरीही छानच आहे," एक आई आपल्या मुलीबद्दल म्हणाली.

"घरी दिवा लावलाय का?"

"हो. मग?"

"तेच तर म्हणतेय मी," शालिनी म्हणाली.

मग ढोमण्यांची सूनबाई बोलली, आणि तिचं बोलणं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. "माफ करा हं बाई, पण तुमच्या नेमधर्माचं सगळ्यांना ठाऊक आहे. पोर दिवसभरानं आईजवळ बसतं आणि आई तोंड उघडत नाही. त्याचा दोष दिव्याला कसा देता?"

कुणीतरी हसलं. शालिनीला त्या बाईचा राग आला नाही. तिच्या बोलण्यात निम्मं खरं होतं, आणि त्या निम्म्या खऱ्याखाली उरलेलं सगळं झाकून गेलं होतं. संस्थेनं तिचं ऐकून घेतलं, आभार मानले आणि दिवे तसेच ठेवले. बाकीची मुलं तिथेच राहणार होती. तिनं शर्वीचं नाव काढलं आणि आपला राजीनामाही दिला, कारण मुलगी घरी आणि आई त्या उजेडात, हे काही जमणारं नव्हतं.

शेवटच्या दिवशी मुलं गेल्यावर शालिनीनं दिवे लगेच घालवले नाहीत. ती छोट्या खुर्चीवर बसली आणि शर्वीला हाक मारली. मनभर बघून घेऊ दे, म्हणून.

शर्वी धावत येऊन तिच्या गुडघ्यांवर रेलली. तिचा चेहरा खुलला होता. घरी कधी खुलत नसे तसा. एकाएकी ती थांबली. तिनं शालिनीच्या गालाला हात लावला.

"बाई, तुम्हाला आतून खूप रडू येतंय."

शालिनीच्या डोळ्यांत अजून टिपूसही नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"नाही गं राणी."

"खरंच नाही," शर्वी निरखून बघत म्हणाली. "माझ्यावर तर तुमची नुसती माया माया आहे." आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकले.

शालिनी किती वेळ तशी बसली कोण जाणे. जन्मभर इथेच बसून राहावं, असं तिला वाटलं. तिला कुणी नको म्हणणार नव्हतं. नितीन तर खूश झाला असता. मग तिनं उठून बटण दाबलं, लेकीला कडेवर घेतलं आणि ती दारातून बाहेर पडली.

बाहेर भाद्रपदातलं ऊन होतं. आता मात्र तिला रडू आवरेना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शर्वी कडेवरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"एवढा घाम आला?" तिनं विचारलं. "मला खाली उतरव. मी चालते."

त्यानंतर रोजचा अभ्यास सुरू झाला. बघ, आता मी दमलेय, पापण्या कशा जड झाल्यात. बघ, आता मला गंमत वाटतेय, गाल वर गेले. शर्वी पाढे पाठ करावेत तसं ते पाठ करत गेली. नवरात्र संपेपर्यंत तिची निम्मी उत्तरं बरोबर यायला लागली. "तू हसतेस. बरोबर?" "बरोबर." मग ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसे. आईच्या हसण्यावर ती स्वतः कधी हसत नसे.

"हे तर फार छान आहे," फोनवर डॉक्टर म्हणाल्या. "ओळखायला लागतेय."

"आणि जीव लावायला?"

"ताई, ते आमच्या मापात येत नाही. शक्यता आहे. एवढंच म्हणेन."

दिवाळीच्या आधी, नितीन अजून घरी यायचा होता, अशा एका संध्याकाळी शालिनीला तांदळाच्या कोठीमागे हुंदका ऐकू आला. शर्वी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काय झालं?"

"शाळेतली आई गेली." ती हमसून म्हणाली. "मला न सांगता गेली. आता ती येणारच नाही."

या आधी कितीदा तरी शालिनीनं सांगितलं होतं, अगं, मीच ती. मीच. ते ऐकलं की शर्वी आणखी दूर सरके. कुणीतरी खोटं नाव सांगून घरात शिरतंय, अशा नजरेनं बघे. आज शालिनीच्या ओठांवर ते शब्द आले आणि तिनं गिळले. ती कोठीला टेकून लेकीशेजारी खाली बसली.

"कशी होती गं ती?"

शर्वीनं वळून बघितलं. "तुला ठाऊक नाही?"

"थोडीशी ठाऊक होती. तू सांग."

"मी आले ना, की आधी तिचा चेहरा यायचा. मग ती बोलायची." शर्वीनं नाक पुसलं. "आणि ती ओरडली ना माझ्यावर, तरी आत ओरडायची नाही. मला दिसायचं."

"अजून?"

"अजून... ती माझीच होती. वर्गात सगळ्यांची बाई होती, पण माझ्याकडे बघितलं की तिचा रंग वेगळा व्हायचा."

शालिनीला वाटलं, आपल्याबद्दल असं आपल्या जिवंतपणी ऐकायला मिळणं हे पुण्य म्हणावं की शिक्षा.

"तुला तिची आठवण येते?" शर्वीनं विचारलं.

"येते गं. फार येते."

शर्वी विचारात पडली. या घरात आपल्यासारखंच आणखी कुणाचं तरी ते माणूस गेलं आहे, हे तिच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं असावं. ती थोडी सरकली. मग आणखी थोडी. मग तिनं डोकं शालिनीच्या मांडीवर ठेवलं, तोंड भिंतीकडेच ठेवून, डोळे मिटून.

"मग तू सांग ना," ती म्हणाली. "तिला काय काय आवडायचं?"

बाहेर अंधारून आलं होतं. देवापाशी दिवा लावायचा राहिला होता, पण शालिनी उठली नाही. लेकीच्या केसांवरून हात फिरवत ती सांगू लागली. तिला तुझं नाव फार आवडायचं. तू झालीस त्या दिवशी ती किती हसली होती. तुझ्या पावलाचा आवाज तिला पाच पोरांतून ओळखू यायचा. शर्वी मधेच म्हणे, "हो, हो, तशीच होती ती," आणि तिला पुन्हा रडू फुटे, आणि शालिनी थांबे, तिचे डोळे पुसे आणि पुढे सांगत राही.

घरात कुणी वारलं नव्हतं. पण नितीन आला तेव्हा दिवा नव्हता, चूल पेटली नव्हती, आणि सुतकातल्यासारख्या अंधारात बसून शालिनी लेकीला तिच्या आईच्या गोष्टी सांगत होती.